धावपट्टी मोकळी नाही

जीवशास्त्राची पदवी घेतलेल्या मुलीने पुढे काय करावं, हे मामांना पाठ होतं. आधी डॉक्टर व्हायचं बघावं. ते जमलं नाही तर शाळेत शिकवावं, तेही नको असेल तर रक्त-लघवी तपासायला बसावं, आणि अगदीच काही सुचत नसेल तर औषधकंपनीत लागून बॅग घेऊन डॉक्टरांच्या दारात उभं राहावं. संपली यादी. विमानतळावर पाखरं हाकावीत, असं त्या यादीत कुठेही नव्हतं, आणि त्यांची सख्खी भाची नेमकं तेच करत होती.

मामांना याची इतकी लाज वाटे की कुणी विचारलं तर ते "भाची विमानतळावर आहे" एवढं सांगून विषय बदलत. ऐकणारा तिला हवाईसुंदरी समजे. मामा त्याला खुशाल तसं समजू देत.

भाचीला घरात सगळे बारकी म्हणत. शेंडेफळ म्हणून लहानपणी पडलेलं नाव; पुढे ती बापाच्या डोक्यावरून बघायला लागली तरी सुटलं नाही. तिने मामांना समजवायचा प्रयत्न केला नव्हता असं नाही. वर्गातला एकजण दुधाच्या कारखान्यात जंतूंवर नजर ठेवून होता, एका मैत्रिणीने माशांची पिल्लं वाढवायचं केंद्र काढलं होतं, आणि बाकावर कायम डुलक्या काढणारा एक महाभाग पोलिसांच्या प्रयोगशाळेत केस आणि हाडं तपासत होता, तेही टक्क जागा राहून. मामा हे सगळं मन लावून ऐकत, मान डोलावत आणि शेवटी म्हणत, "ते ठीक आहे गं. पण तू कामाला कधी लागणार?"

आता काय बोलायचं या माणसाशी?

बारकीला मात्र आपलं काम कसं मिळालं ते आठवलं की अजून हसू यायचं. मुलाखतीत तिच्यापुढे एका बशीत एक तेलकट, चुरगळलेलं पीस ठेवलं होतं. विमानाच्या इंजिनातून निघालं आहे, कुणाचं ते सांगा, म्हणाले. तिच्या आधी आलेल्यांनी चष्मे वरखाली केले आणि अंदाज ठोकले. हिने कोमट पाणी आणि साबण मागितला, पीस धुतलं, फुंकर घालून वाळवलं, कडेवरून बोट फिरवलं. कडेला मऊ झालर लागली. घुबड, ती म्हणाली. आणि घुबड आलं म्हणजे तुमच्याकडे उंदीर झालेत, आधी ते कुठे झालेत ते बघा. उंदीर सामानाच्या गोदामामागे निघाले. बारकी प्रोबेशनवर लागली.

विमानतळ लहानसा. सकाळी एक विमान यायचं आणि संध्याकाळी एक, मधल्या वेळात वारा. बारकी उजाडायच्या आत जीप घेऊन पट्टीच्या कडेने फिरे. गळ्यात दुर्बीण, शेजारच्या सीटवर बार काढायची बंदूक, जिच्यातून नुसता आवाज निघतो, आणि छपरावर भोंगा. पण भोंगा आणि बंदूक ही तिच्या मते हरलेल्या माणसाची हत्यारं होती. पाखरू आल्यावर हाकण्यात कसली आलीय हुशारी? ते येऊच नये असं करायचं. म्हणून तिने आल्या आल्या पहिलं काम काय केलं, तर पट्टीच्या दोन्ही बाजूंचं गवत वाढू दिलं. पोटरीएवढं. अशा गवतात पाखरं उतरत नाहीत. खालचे किडे दिसत नाहीत, शेजारी कोण आहे ते दिसत नाही, मांजर येतंय का तेही कळत नाही. जीव मुठीत धरून जेवायला कुणाला आवडतं? आखूड गवत म्हणजे मात्र त्यांच्यासाठी वाढून ठेवलेलं ताट.

हे गवत मैदान अधिकाऱ्यांच्या डोळ्यात सलत होतं. या साहेबांचं नाव सगळ्यांनी इस्त्री पाडलं होतं, कारण त्यांच्या विजारीची घडी वाऱ्यावादळातही मोडत नसे. माणूस वाईट नव्हता. विमानतळाचा कोपरान् कोपरा त्यांनी वर्षानुवर्षं घासूनपुसून ठेवला होता आणि गवत कसं, तर गालिच्यासारखं. आता या उंच पोरीने त्याचं रान करून टाकलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते स्वतःहून सांगत की हे शास्त्रीय आहे, आणि "शास्त्रीय" हा शब्द असा उच्चारत की जणू दातात काहीतरी अडकलंय.

प्रोबेशन संपत आलं तेव्हा मुख्य कचेरीतून निरोप आला. मोठ्या बाई शुक्रवारच्या सकाळच्या विमानाने येतील, काम बघतील आणि बारकीला कायम करायचं की ही जागाच बंद करायची, ते तिथल्या तिथे ठरवतील. मोठ्या बाई म्हणजे अशा बारा-पंधरा विमानतळांचा कारभार एकहाती ओढणारी बाई. त्यांच्यासमोर भलेभले मूग गिळून बसतात, असं इस्त्रींनी सांगितलं.

बारकीने हे घरी कळवलं आणि तिथेच चुकलं. आईने ते मामांना सांगितलं, आणि मामांनी लगेच सूत्रं हातात घेतली. औषधकंपनीतल्या मित्राकडे त्यांनी एक जागा धरून ठेवली होती, शनिवारी मुलाखत. शुक्रवारी सकाळच्या विमानाने मी स्वतः येतो, संध्याकाळच्या विमानाने तिला घेऊन जातो, म्हणाले. बारकी फोनवर ठामपणे म्हणाली, कायम झाले नाही तर एक अक्षर न बोलता येईन, पण मी कायम होणार आहे. मामा म्हणाले, बरं बरं, बॅग तेवढी भरून ठेव.

हसत हसत तिने फोन ठेवला खरा. पण बॅगेचं ते बोलणं काही डोक्यातून जाईना. हे काम तिला मनापासून आवडत होतं. पहाटेचा तो वारा, दुर्बिणीत सापडणारी एखादी टिटवी, पट्टीचा काळा लांबच लांब पट्टा आणि त्याच्यावर आपली एकटीची नजर. डॉक्टरांच्या दारात बॅग घेऊन बसायची कल्पना केली की तिचे खांदेच पडायचे.

आणि म्हणूनच गुरुवारी दुपारी तिच्या हातून ती गोष्ट झाली.

इस्त्री तिच्या खोलीत आले, उभ्याउभ्याच, आणि नेहमीपेक्षा मऊ आवाजात म्हणाले की बाई उतरल्या उतरल्या त्यांना पहिलं काय दिसणार, तर इमारतीसमोरचं ते झिपरं गवत. सगळं कापू नका. फक्त इमारतीपासून पट्टीपर्यंतचा समोरचा तुकडा. तुमचाही मान राहील, माझाही राहील. आणि जाता जाता हेही म्हणाले की बाई माझंही मत विचारणार आहेत.

बारकीला नाही म्हणायला हवं होतं. तिला ते त्याच क्षणी कळलं होतं. पण मनाने कसे नखरे सुरू केले बघा: एवढासा तर तुकडा, एका दिवसाने काय आकाश कोसळतंय, उगाच ताणून कशाला धरा. "कापा," ती म्हणाली. संध्याकाळचं विमान गेल्यावर ट्रॅक्टर फिरला. दिवे लागले तेव्हा तुकडा इतका देखणा दिसत होता की इस्त्री दोनदा बघून आले, आणि खरं सांगायचं तर बारकीलाही तो आवडला. कापलेलं गवत तिथेच पडलं होतं. ते उचलायचं कुणाच्या मनातही आलं नाही. इस्त्रींच्या आलं नाही हे समजू शकतं, पण जिचं हे शिक्षण, तिच्याही आलं नाही. तिच्या डोक्यात मोठ्या बाई होत्या, मामा होते, बॅग होती.

शुक्रवारी सकाळी तिने जीप वळवली आणि ब्रेकवर पाय दाबला.

तुकडा पांढरा झाला होता. बगळे! इमारतीच्या कठड्यापासून पट्टीच्या काठापर्यंत बगळेच बगळे, माना पुढे काढून, पाय उचलून उचलून टाकत, कापलेल्या गवताखाली दडलेले नाकतोडे आणि अळ्या टिपत होते. आजूबाजूच्या शेतांना, तळ्यांना, सगळीकडे जणू आमंत्रण गेलं होतं. बारकीने कपाळावर हात मारून घेतला. ताट आपणच वाढलं, वर झाकण काढून ठेवलं.

तिने भोंगा वाजवला. बगळे उठले, पट्टी ओलांडून पलीकडे गेले, भुकेल्या पोटी तिथल्या उंच गवतावर घिरट्या घातल्या आणि परत पट्टी ओलांडून ताटावर येऊन बसले. तिने बार काढला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बंदूक उचलली आणि तिच्या लक्षात आलं की आपण त्यांना हाकत नाही आहोत. आपण त्यांना पट्टीवरून ये-जा करायला लावतो आहोत. तिने बंदूक सीटवर ठेवून दिली.

तोवर इस्त्री मागून चालत आले होते. नवा कोरा टाय, बूट आरशासारखे. बगळे बघून चेहरा उतरला, पण बगळे आता शांत बसले होते आणि पट्टी स्वच्छ होती. तेवढ्यात वायरलेस बोलला. टॉवरमधल्या माणसाने नेहमीचा प्रश्न विचारला: विमान जवळ आलंय, धावपट्टी मोकळी आहे का?

इस्त्रींनी खाली वाकून हळूच सांगितलं की पट्टीवर एक पाखरू नाही, मोकळी म्हणा. बगळे गवतात आहेत, गवतातच राहतील. बाई विमानात आहेत. त्यांना वर फिरवत ठेवलंत तर कारण विचारतील, आणि कारण काय सांगणार तुम्ही? तुमच्याच संमतीने गवत कापलं म्हणून?

माणूस खोटं काही बोलत नव्हता. डांबरावर खरंच एकही पाखरू नव्हतं. विमानात बाई होत्या, ज्यांच्या एका शब्दावर तिचं काम राहणार किंवा जाणार होतं. आत मामाही होते. सीटचा पट्टा घट्ट आवळून, शेजारच्याला काहीतरी सांगत. मोकळी म्हटलं तर बहुतेक काहीही होणार नाही. बहुतेक. तिने तो शब्द मनात एकदा उलटवून बघितला आणि तिला तो मुळीच आवडला नाही.

तिने बटण दाबलं. "धावपट्टी मोकळी नाही. विमान वरच ठेवा. मी सांगेपर्यंत उतरू देऊ नका."

टॉवरने कारण विचारलं. ती म्हणाली, बगळे, मोठा थवा, पट्टीला लागून. इस्त्रींनी डोळे मिटून घेतले.

आणि तेव्हा घार आली. कुठून आली कोण जाणे. पंख पसरून इमारतीवरून सरकली आणि तिची सावली तुकड्यावर पडली. सगळा थवा एकदम उठला. हाक नाही, भोंगा नाही, नुसती एक सावली. पांढरी भिंत उभी राहावी तसा तो पट्टीच्या बरोबर वर उभा राहिला, जिथे विमानाची चाकं टेकतात त्या जागेवर, आणि किती वेळ तरी पंखांचा नुसता फडफडाट. इस्त्रींच्या टायवर एक पांढरा ठिपका पडला. त्यांनी तो पुसला नाही. घार निघून गेली तसा थवा परत तुकड्यावर उतरला.

"बसा जीपमध्ये," बारकी म्हणाली, आणि साहेब निमूट बसले.

मग तिने जे करायला हवं होतं ते केलं. भोंगा बंद, बंदूक बंद. पट्टीच्या बाजूने जीप अगदी गोगलगायीच्या चालीने तुकड्यावर घेतली, म्हणजे पाखरांना पट्टीकडे वाटच राहू नये, आणि ती बिचकतील पण घाबरणार नाहीत अशा बेताने त्यांना कुंपणाकडे रेटत नेलं. थोडं पुढे, थांब. थोडं पुढे, थांब. ट्रॅक्टरवाल्याला आणि सामानवाल्यांना तिने फावडी-दाताळी घेऊन बोलावलं, आणि मोकळ्या होत गेलेल्या जमिनीवरचं गवत ते मागोमाग ओढून पोत्यात भरत गेले. इस्त्रीही उतरले. बाह्या वर करून त्यांनी दाताळं हातात घेतलं, आणि विजारीच्या घडीची त्या दिवशी पहिल्यांदा वाट लागली. वर विमान गोल गोल फिरत होतं. त्याचा आवाज जवळ यायचा, लांब जायचा; बारकीने एकदाही मान वर केली नाही.

शेवटचे बगळे कुंपणापलीकडे तळ्याच्या दिशेने गेले. तिने सबंध पट्टी एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन बघितली, मग बटण दाबून म्हणाली, "धावपट्टी मोकळी आहे."

विमान उतरलं. जसं रोज उतरतं तसंच, काहीही न होता.

सगळ्यांत आधी मामा उतरले. चेहरा पांढराफटक, केस उभे, आणि तोंडाचा पट्टा सुरू. जिना उतरता उतरताच त्यांनी जाहीर केलं की अर्ध्या जगाला चक्कर मारून आणलं आम्हाला, खाली कुणा शहाण्याला विमान उतरवून घेता येत नाही, आता तक्रार केल्याशिवाय राहणार नाही. भाची समोर दिसल्यावर तर त्यांना जोरच चढला.

"कोण तो दीडशहाणा, सांग मला. ज्याने आम्हाला वर टांगून ठेवलं."

"मी, मामा," बारकी म्हणाली.

मामांच्या मागे आखूड केसांच्या, सपाट चपला घातलेल्या एक बाई थांबल्या होत्या. मोठ्या बाई. त्यांनी मामांकडे बघितलं, मग बारकीकडे.

"म्हणजे पाखरं हाकणारी भाची ती तूच," बाई म्हणाल्या. "तुझ्या मामांनी तुझी काळजी अख्ख्या विमानाला सांगितली आहे. का ठेवलंस वर?"

बारकीने सांगितलं. बगळे कसे आले, घार कशी आली, थवा कुठे उठला. आणि मग थांबली, कारण इथवर सगळं तिच्या बाजूचं होतं. पुढचं नव्हतं.

"ते आले गवत कापल्यामुळे. आणि कापायला मीच हो म्हटलं होतं. म्हणायला नको होतं, मला माहीत होतं. तुम्ही येणार म्हणून म्हटलं."

इस्त्री घसा खाकरून पुढे झाले. टायवर ठिपका, गुडघ्यांना माती. ते म्हणाले की मी मागे लागलो होतो, आणि विमान उतरू द्या असंही मीच म्हणालो होतो. त्यांनी एवढंच सांगितलं, पण त्या माणसाला ते किती जड गेलं असेल ते बारकीला कळलं.

बाईंनी त्या भादरलेल्या तुकड्याकडे बघितलं, पोत्यांकडे बघितलं. मग बारकीला विचारलं, "उद्या परत अशी वेळ आली, आत मी आहे, तुझा मामा आहे, आणि पट्टीवर काहीही नाही. काय करशील?"

"वर ठेवीन."

"आणि गवत?"

"कुणासाठीही कापणार नाही. तुमच्यासाठीसुद्धा."

बाई पहिल्यांदाच हसल्या. म्हणाल्या, कायम झालीस तू. आणि या तुकड्यावर पाटी लावा, म्हणजे पुढच्या वेळी कुणी माझा पाहुणचार करायला जाणार नाही. मग त्यांनी इस्त्रींकडून चहाची खोली कुठे आहे ते विचारून घेतलं आणि निघूनही गेल्या. एवढंच झालं. पण बारकीचा जीव भांड्यात पडला. डोळे भरून आले, ते तिने बाहीला पुसले आणि कुणी बघितलं तर बघू दे म्हणाली.

मामा अजून तिथेच उभे होते. त्यांना तिने जीपमध्ये बसवलं आणि पट्टीच्या कडेने नेलं. कापलेल्या तुकड्यापाशी मामांनी हात केला, म्हणून ती थांबली. कुंपणावर एक चुकार बगळा बसला होता. मामांनी त्याच्याकडे बघितलं, मग पट्टीवरच्या चाकांच्या काळ्या खुणांकडे, मग परत बगळ्याकडे.

"एवढासा तर आहे," ते म्हणाले.

"एवढासाच पुरतो, मामा. आणि हे खूप होते."

"मला वर काही कळलंच नाही गं. मी आपला शिव्या घालत बसलो होतो."

बारकी म्हणाली, कळलं नाही हेच तर माझं काम. मामांनी मान डोलावली. नेहमीसारखी नाही, जरा वेळाने.

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. औषधकंपनीतले मित्र. पलीकडून त्यांचा मोठा आवाज जीपभर ऐकू येत होता: निघालात का, मुलगी येतेय ना उद्या, मी सांगून ठेवलंय सगळ्यांना. बारकीने स्टिअरिंग घट्ट धरलं. मामांनी एकदा तिच्या चिखलाने भरलेल्या बुटांकडे बघितलं, गळ्यातल्या दुर्बिणीकडे बघितलं आणि घसा साफ केला.

"नाही, उद्या नाही जमणार तिला," मामा म्हणाले. "परवाही नाही. अरे, ती कामावर आहे."